आहारातली वनस्पतिद्रव्ये आणि स्मरणशक्ती: वाढ की उणिवेची भरपाई?

१९३६ साली हंगेरीचे जीवरसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे सहकारी इश्तवान रुस्न्याक यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. लिंबू आणि मिरची यांतून मिळवलेली काही द्रव्ये दिल्यास सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा ठिसूळपणा कमी होतो, असे त्यांना आढळले होते. या द्रव्यांना त्यांनी ‘जीवनसत्त्व पी’ असे नाव सुचवले. पुढे ते नाव टिकले नाही. एखादे द्रव्य जीवनसत्त्व ठरायचे, तर ते आहारातून काढल्यावर ठरावीक आजार व्हायला हवा आणि पुन्हा दिल्यावर तो बरा व्हायला हवा. फ्लेव्होनॉइड म्हणून आज ओळखली जाणारी ही द्रव्ये या कसोटीला उतरली नाहीत, त्यामुळे ती जीवनसत्त्वांच्या यादीतून वगळली गेली. माझ्या मते ती कसोटी स्कर्व्हीसारख्या काही महिन्यांत उघड होणाऱ्या आजारांसाठी योग्य होती, पण ज्या उणिवेचा परिणाम पन्नाशी-साठीनंतर हळूहळू दिसतो तिच्यासाठी अपुरी होती. वनस्पतिद्रव्ये आणि स्मरणशक्ती यांच्या संबंधावर गेल्या पंचवीस वर्षांत झालेले काम नीट पाहिले, तर उणिवेचा हाच प्रश्न वेगळ्या वाटेने परत आलेला दिसतो.

प्रथम ही द्रव्ये कोणती ते पाहू. वनस्पती ती आपल्यासाठी तयार करत नाहीत. अतिनील किरणांपासून पानांचे रक्षण करणे, कीड आणि बुरशी यांना रोखणे, परागीभवन करणाऱ्या कीटकांना रंगाने बोलावणे अशी त्यांची कामे असतात. फ्लेव्होनॉइड हा त्यांतला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला गट असून त्यात हजारो संयुगे आहेत. बेरीवर्गीय फळांचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिनांमुळे येतो. चहा, कोको, सफरचंद आणि द्राक्षे यांत फ्लॅव्हनॉल असतात. कांद्यात क्वेर्सेटिन मुबलक असते आणि संत्र्या-लिंबांत हेस्पेरिडिन. याखेरीज हिरव्या पालेभाज्यांतले ल्युटीन, हळदीतले कर्क्यूमिन, कॉफीतले कॅफीन ही वेगळ्या घराण्यांतली संयुगेही या चर्चेत येतात. या सर्वांना एकाच पिशवीत कोंबून ‘मेंदूचे अन्न’ म्हणणे ही पहिली चूक आहे, कारण त्यांची रासायनिक रचना, शरीरातला प्रवास आणि कार्य यांत फारसे साम्य नाही. या लेखाचा भर फ्लेव्होनॉइडांवर, आणि त्यांतही फ्लॅव्हनॉलवर राहील; त्यांच्याविषयीचा पुरावा सर्वांत भरीव आहे.

स्मरणशक्ती हीसुद्धा एकच एक गोष्ट नाही. सायकल चालवण्याची सवय, एखाद्या शब्दाचा अर्थ आणि काल संध्याकाळी कोण भेटले याची आठवण या तिन्ही मेंदूत वेगवेगळ्या यंत्रणांवर अवलंबून असतात. नव्या घटना आणि नवी माहिती साठवण्यासाठी हिप्पोकॅम्पस हा भाग अत्यावश्यक असतो. हे सर्वांत ठळकपणे कळले ते हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे. अपस्माराचे झटके थांबवण्यासाठी १९५३ साली त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि तीत दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांची बुद्धी आणि बोलणे शाबूत राहिले, पण नवी घटना लक्षात ठेवणे त्यांना आयुष्यभर जमले नाही. हिप्पोकॅम्पसमध्ये डेंटेट जायरस नावाची एक वळी असते. एकमेकांसारख्या दोन अनुभवांची गल्लत होऊ न देता ते वेगळे साठवण्याचे काम तिच्याकडे असते. निरोगी माणसाच्या वाढत्या वयाचा फटका या वळीला विशेष बसतो. अल्झायमरची सुरुवात बहुधा तिच्या शेजारच्या एंटोरायनल कॉर्टेक्समधून होते. हा फरक लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण फ्लॅव्हनॉलबाबत पुढे येणारे निष्कर्ष वयोमानाने होणाऱ्या विसराळूपणाविषयी आहेत. ते अल्झायमरला लागू करता येत नाहीत.

या क्षेत्राला चालना मिळाली ती उंदरांवरच्या प्रयोगांतून. बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात जेम्स जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९ महिन्यांच्या, म्हणजे म्हातारपणाकडे झुकलेल्या, उंदरांना आठ आठवडे ब्लूबेरी, स्ट्रॉबेरी किंवा पालक यांचा अर्क खाण्यातून दिला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या उंदरांची शिकण्याची आणि लक्षात ठेवण्याची क्षमता काही अंशी सुधारलेली दिसली. तेव्हाचे स्पष्टीकरण सोपे होते: मेंदू भरपूर ऑक्सिजन वापरतो, त्यातून मुक्त मूलके तयार होतात, ती पेशींना इजा करतात आणि फळांतली अँटिऑक्सिडंट द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात. हे स्पष्टीकरण इतके लोकप्रिय झाले की अन्नपदार्थांची ‘अँटिऑक्सिडंट क्षमता’ परीक्षानळीत मोजून तिच्या याद्या छापल्या जाऊ लागल्या. अमेरिकेच्या कृषी विभागाने स्वतःची अशी यादी २०१२ साली मागे घेतली, कारण परीक्षानळीतला तो आकडा शरीरातल्या परिणामाबद्दल काहीच सांगत नव्हता. रक्तात फ्लेव्होनॉइडांचे प्रमाण फार अल्प असते. शरीर स्वतःच तयार करत असलेले यूरिक आम्ल त्याच्या शेकडो पट असते आणि तेही अँटिऑक्सिडंटच आहे. एवढ्या थोड्या द्रव्याने मुक्त मूलकांच्या एकूण संख्येत लक्षणीय फरक पडणे शक्य नाही. तरीही आवेष्टनांवर ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ हा शब्द अजून झळकतो, याचे वाईट वाटते, कारण त्यामुळे खरे आणि अधिक वेधक कारण झाकले जाते.

ते कारण समजण्यासाठी एपिकॅटेचिन या एका फ्लॅव्हनॉलचा प्रवास जवळून पाहावा. कोको, चहा आणि सफरचंद यांत ते असते. गिळल्यानंतर ते लहान आतड्याच्या भिंतीतून आत जाते, पण जसेच्या तसे रक्तात जात नाही. आतड्याच्या पेशी आणि त्यानंतर यकृत त्याला ग्लुक्युरोनिक आम्लाचा, सल्फेटचा किंवा मिथिलचा गट जोडतात. शरीर त्याला परके रसायन समजून लघवीवाटे बाहेर टाकण्याच्या तयारीला लागलेले असते. सुमारे दोन तासांत या बदललेल्या रूपांचे रक्तातले प्रमाण कमाल पातळीला पोहोचते आणि नंतर उतरू लागते. जो अंश लहान आतड्यात शोषला गेला नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे जिवाणू त्याची वलये तोडून व्हॅलेरोलॅक्टोन नावाची छोटी संयुगे तयार करतात आणि ती काही तासांनंतर रक्तात येतात. सकाळच्या कोकोचा दुसरा हप्ता अशा रीतीने दुपारी मिळतो, आणि तो जिवाणूंच्या हातून मिळतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की काचेच्या बशीत वाढवलेल्या चेतापेशींवर शुद्ध क्वेर्सेटिन किंवा कर्क्यूमिन ओतून मिळवलेले निष्कर्ष फार सावधपणे वाचावे लागतात, कारण जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशींना ते संयुग त्या रूपात आणि त्या प्रमाणात कधी भेटतच नाही. दुसरी अशी, की सारखेच अन्न खाणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात वेगवेगळी द्रव्ये पोहोचू शकतात. सोयाबीनमधल्या डाइड्झीनपासून इक्वॉल तयार करणारे जिवाणू काहींच्या आतड्यात असतात, काहींच्या नसतात. डाळिंब आणि अक्रोड यांच्यातल्या टॅनिनांपासून होणाऱ्या युरोलिथिनांचेही तसेच आहे. एखाद्या चाचणीत सरासरी परिणाम शून्याजवळ आला, तर त्या सरासरीत लाभ झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे लोक मिसळलेले असण्याची शक्यता नेहमीच असते.

मग इतक्या अल्प प्रमाणात ही द्रव्ये काय करतात? सर्वांत भक्कम उत्तर रक्तवाहिन्यांपाशी मिळते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडतात, त्यामुळे भिंतीतला स्नायू सैल पडतो आणि वाहिनी रुंदावते. फ्लॅव्हनॉल हे नायट्रिक ऑक्साइड अधिक उपलब्ध करून देतात. कोको फ्लॅव्हनॉलमुळे रक्तवाहिन्यांची लवचीकता टिकण्यास मदत होते, हे विधान दिवसाला २०० मिलिग्रॅम या प्रमाणासाठी युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१२ मध्ये मान्य केले. ही संस्था असे दावे सहसा फेटाळते, म्हणून या मान्यतेला वजन आहे. मेंदूला याचे महत्त्व विशेष आहे. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव विश्रांतीच्या वेळी सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो, आणि जो भाग कामाला लागतो तेथे रक्त तत्काळ वाढावे लागते.

बर्मिंगहॅम आणि इलिनॉय येथील संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला एक लहान प्रयोग या दृष्टीने बोलका आहे. निरोगी तरुणांना एकदा भरपूर फ्लॅव्हनॉल असलेला आणि एकदा अगदी कमी फ्लॅव्हनॉल असलेला कोको दिला गेला. नंतर त्यांना पाच टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा श्वासावाटे दिली. अशा हवेने मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो आणि रक्तवाहिन्या किती चपळपणे प्रतिसाद देतात ते मोजता येते. फ्लॅव्हनॉलयुक्त कोकोनंतर बहुतेकांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ऑक्सिजन अधिक आणि लवकर पोहोचला. सोपे कोडे सोडवताना काही फरक पडला नाही, पण कोडे अवघड झाल्यावर त्यांनी ते अधिक वेगाने सोडवले. लाभ न झालेले मोजके तरुण कोण होते? ज्यांच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद मुळातच सर्वांत चांगला होता, ते. हा तपशील मला पूर्ण प्रयोगातला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्राण्यांवरच्या प्रयोगांत याहून खोल बदल दिसले आहेत. २००७ मध्ये हेन्रिएट व्हॅन प्राग आणि सहकाऱ्यांनी उंदरांना एपिकॅटेचिन दिले तेव्हा त्यांची जागा लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली, डेंटेट जायरसमध्ये केशवाहिन्यांचे जाळे दाट झाले आणि चेतापेशींच्या फांद्यांवर जोडणीचे अधिक काटे उगवले. ज्या उंदरांना पळण्यासाठी चाकही दिले होते, त्यांच्यात हा परिणाम अधिक ठळक होता. आठवण टिकून राहण्यासाठी चेतापेशींमधल्या जोडण्या बळकट व्हाव्या लागतात, त्यासाठी नवी प्रथिने बनावी लागतात आणि ती बनवण्याचा आदेश देणारे रेणवीय संकेतमार्ग फ्लेव्होनॉइडांमुळे अधिक क्रियाशील होतात, असेही प्राण्यांत दिसले आहे. माणसाच्या मेंदूतली जोडणी मोजण्यासाठी तो कापून पाहता येत नाही. तेथे प्रतिमा आणि चाचण्या यांच्यावरच भागवावे लागते.

माणसांवरचा पुरावा दोन प्रकारचा आहे. एका प्रकारात लोक काय खातात ते वर्षानुवर्षे नोंदवले जाते आणि कोणाची स्मृती किती घसरते ते पाहिले जाते. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातल्या सत्तरीपुढच्या १६ हजार स्त्रियांची माहिती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरी अधिक खाणाऱ्यांमध्ये बौद्धिक घसरण मंद होती, आणि तो फरक अडीच वर्षांपर्यंतच्या वयोमानाइतका भरत होता. असे अभ्यास दिशा दाखवतात, पण फळे अधिक खाणारी माणसे बहुधा अधिक चालतात, कमी धूम्रपान करतात, अधिक शिकलेली आणि सुस्थितीतली असतात. हे सर्व आकडेमोडीत वजा करण्याचा प्रयत्न होतो, पण ते पूर्णपणे वजा झाले अशी खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून दुसरा प्रकार, चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याच्या चाचण्यांचा, अधिक निर्णायक मानला जातो. कोलंबिया विद्यापीठात ५० ते ६९ वर्षे वयाच्या ३७ निरोगी लोकांवर झालेली अशी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला तीन महिने रोज ९०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल दिले, दुसऱ्याला फक्त १०. पहिल्या गटात डेंटेट जायरसमधले रक्ताचे प्रमाण वाढले आणि त्या भागावर अवलंबून असलेल्या चाचणीत ते अधिक वेगवान झाले. बातम्यांत याचे ‘चॉकलेट खा, स्मृती वाढवा’ असे रूपांतर झाले, ते साफ चुकीचे होते. बाजारातल्या बहुतेक चॉकलेटमध्ये प्रक्रियेमुळे फ्लॅव्हनॉल फारसे उरत नाहीत, आणि ९०० मिलिग्रॅम मिळवण्याइतके चॉकलेट खाणे कोणाच्याही हिताचे नाही.

यापुढची चाचणी आकाराने शंभरपट मोठी होती. सुमारे ३,५०० निरोगी वृद्धांना तीन वर्षे रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉल किंवा हुबेहूब दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. त्यांनी घरूनच, संगणकावर, चाचण्या दिल्या. मुख्य चाचणी साधी पण कस लावणारी होती: परस्परांशी संबंध नसलेले २० शब्द एकामागून एक पडद्यावर येतात आणि नंतर आठवतील तितके टंकित करायचे. २०२३ मध्ये निकाल आला. सर्वांचा मिळून विचार केला, तर पहिल्या वर्षानंतर दोन्ही गटांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठाम म्हणावा असा फरक नव्हता. मात्र ज्यांचा आहार मुळात निकृष्ट होता आणि ज्यांच्या पोटात फ्लॅव्हनॉल सर्वांत कमी जात होते, त्यांची शब्द आठवण्याची क्षमता निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत सरासरी १०.५ टक्के सुधारली आणि ती सुधारणा पुढची दोन वर्षेही टिकली. ज्यांचा आहार आधीच चांगला होता, त्यांना जादा फ्लॅव्हनॉलचा उपयोग झाला नाही.

ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचायला हवीत. ही चाचणी ज्या मोठ्या प्रकल्पाचा भाग होती, त्याच्या आणखी एका शाखेत २,२६२ वृद्धांची बौद्धिक क्षमता दूरध्वनीवरून तपासली गेली आणि तेथे कोको अर्काचा एकूण परिणाम शून्य निघाला. समोरासमोर तपासलेल्या ५७३ जणांच्या तिसऱ्या शाखेतही एकूण लाभ नव्हता, पण निकृष्ट आहाराच्या लोकांत लाभाची चिन्हे दिसली. एकूण गटात काही न दिसता एका उपगटात दिसणारा परिणाम कच्चा पुरावा असतो, आणि या संशोधनाला चॉकलेट बनवणाऱ्या मार्स कंपनीचे आर्थिक साहाय्य होते, हेही वाचकाला ठाऊक असायला हवे. तरी तरुणांवरचा प्रयोग आणि या शाखा एकाच बाजूला बोट दाखवतात. फ्लॅव्हनॉल निरोगी मेंदूला त्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर नेत नाहीत. ते कमी असतील, तर पडलेला खड्डा भरून काढतात. असे असेल, तर ‘स्मृतिवर्धक’ हे विशेषण त्यांना लावणेच गैर आहे.

शिकण्याच्या वयातल्या मुलांबाबत पुरावा तोकडा आहे. इंग्लंडमधल्या रीडिंग विद्यापीठाने ७ ते १० वर्षांच्या २१ मुलांना रानटी ब्लूबेरीच्या भुकटीचे पेय दिले, तेव्हा त्याच दिवसाच्या शब्द आठवण्याच्या चाचणीत त्यांनी काहीसे चांगले गुण मिळवले. एका पेयाचा काही तासांचा परिणाम आणि वर्षभराचा अभ्यास यांत मोठे अंतर आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी बेरी खाऊन गुण वाढतील, असे यातून निघत नाही. कॅफीनचा मार्ग निराळा आहे. दिवसभरात मेंदूत साचणारे अडेनोसिन झोपेची भावना आणते. कॅफीन त्याच्या जागा अडवते. त्यामुळे सावधपणा वाढतो, पण रात्रीची झोप त्यात गेली, तर दिवसभरात शिकलेले पक्के होण्याची वेळच हातची जाते.

स्मृतीसाठी विकल्या जाणाऱ्या जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काविषयी मात्र निःसंदिग्धपणे बोलता येते. ७५ वर्षे आणि त्यापुढच्या तीन हजारांहून अधिक लोकांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम अर्क सुमारे सहा वर्षे देऊन पाहिला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात स्मृतिभ्रंश टळला नाही. कर्क्यूमिन आतड्यातून अत्यंत कमी शोषले जाते आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना ते चकवते, म्हणजे परिणाम नसतानाही असल्याचे भासवते. शोषण वाढवलेल्या कर्क्यूमिनच्या ४० जणांच्या एका चाचणीत स्मृती सुधारली, पण एवढ्या लहान चाचणीवर विसंबून कोणी महागड्या गोळ्या घ्याव्यात, असे मी म्हणणार नाही.

गोळ्यांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. कपातला हिरवा चहा आणि त्याच्या अर्काची कॅप्सूल यांना एकच मानता येत नाही. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, म्हणजे हिरव्या चहातले मुख्य फ्लॅव्हनॉल, अशा कॅप्सूलमधून घेतल्यास यकृताला इजा होत असल्याची चिन्हे दिसू शकतात, असे युरोपच्या प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले. जेवणाबरोबर घेतलेला चहा वनस्पतीजन्य अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करतो, आणि लोहाची कमतरता मुलांच्या शिकण्याला फ्लॅव्हनॉलच्या उणिवेपेक्षा कितीतरी अधिक बाधक असते. रक्तस्राव रोखणाऱ्या यंत्रणेवर परिणाम करणारी औषधे घेणाऱ्यांनी असे अर्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ही द्रव्ये अन्नातून मिळवायची, तर अन्न कसे तयार होते यालाही महत्त्व आहे. कोकोचा कडवटपणा घालवण्यासाठी त्यावर अल्कलीची प्रक्रिया करतात, तीत फ्लॅव्हनॉल मोठ्या प्रमाणात नष्ट होतात. फळे एकत्र घुसळतानाही असेच काही घडू शकते. केळे कापून ठेवले की काळे पडते, ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या विकरामुळे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतल्या संशोधकांनी काही लोकांना एकदा फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल दिली आणि एकदा केळे व बदामाचे दूध घुसळलेले पेय दिले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केळ्याचे पेय घेतल्यावर शरीरातले फ्लॅव्हनॉल कॅप्सूलच्या तुलनेत ८४ टक्के कमी भरले. ज्यांत हे विकर कमी क्रियाशील असते अशा बेरींच्या पेयात ही घट दिसली नाही. केळे वाईट ठरत नाही. फक्त बेरींबरोबर एकाच भांड्यात फिरवल्यास बेरींचा हा गुण बराच वाया जातो.

अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २०२२ मध्ये फ्लॅव्हनॉलसाठी दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम हे प्रमाण सुचवले गेले, तेही अन्नातून आणि हृदय व चयापचय यांच्या आरोग्यासाठी. स्मृतीसाठी असे प्रमाण अजून ठरलेले नाही. ते ठरवण्यातली मुख्य अडचण अशी होती, की माणूस काय खातो ते त्याला विचारून कळत नाही. लोक विसरतात, आणि एकाच जातीच्या दोन सफरचंदांत फ्लॅव्हनॉल वेगवेगळे असतात. आता लघवीतल्या व्हॅलेरोलॅक्टोनांवरून आणि एपिकॅटेचिनच्या रूपांवरून माणसाने प्रत्यक्षात किती फ्लॅव्हनॉल घेतले ते मोजता येते. वर सांगितलेल्या मोठ्या चाचणीत याच मोजणीने कमी फ्लॅव्हनॉल घेणारे लोक वेगळे काढता आले होते. ज्यांच्या शरीरात फ्लॅव्हनॉलची तीव्र उणीव आहे अशाच लोकांना निवडून, ती उणीव भरून काढणारी चाचणी पुढे व्हावी, असे त्या संशोधकांनीच म्हटले आहे. सेंट-ग्यॉर्गींच्या काळात अशी मोजणी उपलब्ध नव्हती.